वरून काळे, आतून निळे

केसांचा वरचा थर आहे तसा ठेवायचा आणि फक्त आतल्या थराला रंग द्यायचा, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. पहिली दोन उत्तरं मुद्दामच लांब आहेत. तिथे झालेली चूक धुऊन जात नाही, ते केस वाढून कापले जाईपर्यंत सोबत राहते.

प्रश्न : मला आतल्या थराला गडद निळा रंग हवा आहे, पण कामावर तो कुणाला दिसता कामा नये. नेमके कुठले केस घ्यायचे?

डोक्याच्या मागच्या बाजूने बोटं वरून खाली फिरवा. मानेच्या थोडं वर हाडाचा एक उंचवटा लागेल. एका कानाच्या मागून निघून या उंचवट्याच्या बोटभर खालून दुसऱ्या कानामागे पोचणारी रेघ, ही तुमची हद्द. तिच्या वरचे केस चिमट्यांनी बांधून टाकायचे आणि खालचे रंगवायचे. रेघ उंचवट्याच्या वर गेली, तर झाकायला पुरेसे केस उरत नाहीत आणि नुसती मान वळवली तरी निळा रंग डोकावतो.

कडा मात्र सोडा. मानेवरची सगळ्यात खालची १ ते १.५ सेंटीमीटरची ओळ आणि कानामागची बोटाच्या पेराएवढी पट्टी काळीच राहू द्या. केस वर घेतल्यावर आधी नजरेला पडतात त्या या कडाच. शिवाय तिथली लव इतकी नाजूक असते की ब्लीचने ती तुटतेच.

रंग आणण्याआधी एक दिवस तालीम करा. लोकरीचे सात-आठ भडक धागे घ्या. रेघेखालच्या केसांत वेगवेगळ्या जागी मुळाजवळ सैल गाठ मारून ते केसांच्या टोकापर्यंत लोंबते सोडा. मग रोजच्यासारखे केस विंचरा, वाका, वाऱ्यात उभे राहा, मागून फोटो काढून घ्या. धागा जिथे दिसेल तिथे रंगही दिसणार, म्हणून रेघ तेवढी खाली आणा. विरळ केसांसाठी आणखी एक कसोटी आहे. वरच्या थराखाली पांढरा कागद सरकवा. कागद आरपार दिसत असेल तर रंग लपणार नाही. अशा वेळी पूर्ण थर रंगवण्याऐवजी मधोमध दोन-तीन जाडसर बटा रंगवाव्यात.

कापण्याचाही संबंध आहे. स्टेप कटमध्ये वरचे केस आखूड असतात, त्यामुळे खालची टोकं उघडी पडतात. रंग पूर्ण लपवायचा असेल तर सगळे केस एका लांबीत हवेत. आणि हे स्पष्ट सांगायला हवं : पोनीटेल घातली की खालून रंग दिसणारच, वेणीत तर तो पेडापेडांत मिसळतो. रोज केस बांधावे लागत असतील तर टोकं आत दुमडून घातलेला खालचा अंबाडा एवढीच वाट उरते. ती जमणार नसेल तर फिकट निळ्याऐवजी काळ्याच्या जवळ जाणारा गडद निळा किंवा वाइन रंग घ्या. तो उन्हात उठून दिसतो, सावलीत काळ्यात मिसळतो.

प्रश्न : ब्लीच न करता काळ्या केसांवर रंग चढेल का? आणि करायचंच झालं तर किती?

निळा, जांभळा, गुलाबी, हिरवा असे रंग पेंटसारखे झाकत नाहीत. ते काचेसारखे पारदर्शक असतात, खालचा रंग त्यांतून दिसतो. काळ्या केसांवर लावलेला निळा फार तर उन्हात झाक देतो.

केसांची छटा १ ते १० अशा पायऱ्यांनी मोजतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट पिवळा. काळे केस उजळताना आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळे दिसतात. मरून आणि गडद लाल ५-६ पायरीवरही छान बसतात. किरमिजी आणि तांबूस रंगांना ७ म्हणजे नारिंगी चालतं. निळ्याला मात्र किमान ९ लागतं, आणि लव्हेंडरसारख्या फिकट रंगांना १०. म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्यांना आमचा आग्रह लाल-किरमिजी घराण्याचा असतो. तिथे अर्ध्या वाटेवर थांबता येतं, केसांचं नुकसान कमी होतं.

खांद्यापर्यंतच्या केसांच्या आतल्या थराला ३० ग्रॅम ब्लीच पावडर आणि ६० मिली ६ टक्क्यांचा डेव्हलपर, म्हणजे पावडर ज्यात कालवतात ते पेरॉक्साइडचं द्रावण, सहसा पुरतो. यालाच २० व्हॉल्यूम म्हणतात. पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. ९ किंवा १२ टक्क्यांचा घरी नको. काम लवकर होतं खरं, पण थांबायला वेळ मिळत नाही. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं घ्या, धातूचं नको.

आदल्या दिवशी केस धुऊ नका, टाळूवरचं नैसर्गिक तेल थोडं रक्षण करतं. रेघेच्या लगेच वरच्या केसांना घट्ट कंडिशनर थापून त्यावर फॉइल बसवा, म्हणजे वरच्या थरावर ठिपके पडणार नाहीत. रेघेखालच्या केसांचे चार भाग करा. प्रत्येकातून अर्ध्या सेंटीमीटर जाडीचे पापुद्रे घेत ब्लीच लावा, आणि हात सढळ ठेवा. लेप सुकला की तो काम करायचं थांबवतो आणि केसांवर चट्टे राहतात. म्हणून लावून झाल्यावर वर प्लॅस्टिक गुंडाळा.

मुळांचं काय? टाळूच्या उबेने मुळाजवळचा भाग लवकर उजळतो. सगळं एकदम लावलं तर मुळं पिवळी आणि टोकं नारिंगी असं होतं. पूर्ण केस उजळणारे मुळांना शेवटी लावतात. लपलेल्या थरात तर आम्ही मुळाकडचे २ सेंटीमीटर काळेच सोडायला सांगतो. ते कुणाला दिसत नाहीत, टाळूला ब्लीच लागत नाही, आणि पुढे वाढणारी मुळं वेगळी ओळखू येत नाहीत.

दर १० मिनिटांनी एक बट ओल्या फडक्याने पुसून दिवसाच्या उजेडात पाहा. तीच बट दोन बोटांत धरून हलकेच ताणा. ताणून परत पूर्ववत झाली तर ठीक. रबरासारखी लांबत गेली, चिकट लागली, तर छटा कोणतीही असो, ताबडतोब धुऊन टाका. पाकिटावरची वेळ, बहुतेक ४५ ते ५० मिनिटं, ओलांडू नका. पायरी गाठली नाही तर निदान दोन आठवडे थांबून पुन्हा करा.

या सगळ्याआधी दोन चाचण्या हव्यातच. कानामागे रंगाचा थेंब लावून ४८ तास वाट पाहायची, आणि आतल्या एका बटेवर संपूर्ण कृती करून पाहायची.

प्रश्न : मी वर्षानुवर्षं मेंदी लावते. आतल्या थराला ब्लीच चालेल का?

मेंदी कोणती, यावर सगळं आहे. शुद्ध मेंदीतलं रंगद्रव्य केसांतल्या केराटिनला घट्ट चिकटतं. असे केस उजळतात, पण सावकाश, आणि नारिंगीवर अडून बसतात. नीळ मिसळलेली असेल तर ब्लीचनंतर हिरवट झाक येऊ शकते. खरा धोका आहे तो धातूंचे क्षार मिसळलेल्या तयार मिश्रणांचा. ते डेव्हलपरमधल्या पेरॉक्साइडशी भिडले की केस तापतात, कधी वाफा निघतात, तुटून हातात येतात.

फणीत आलेले वीसेक केस घ्या, काचेच्या वाटीत चमचाभर ब्लीचच्या मिश्रणात बुडवा आणि अर्धा तास लक्ष ठेवा. वाटी गरम झाली, फसफसली, केस विरघळले किंवा हिरवे पडले, तर ब्लीचचा विचार सोडून द्या. मेंदी लावलेला भाग कापला जाईपर्यंत थांबणं हाच उपाय.

प्रश्न : निळा रंग तीनच आठवड्यांत हिरवा झाला. रंग खराब होता का?

बहुधा नाही. केस पुरेसे उजळले नव्हते. आत पिवळा शिल्लक असला की वरचा निळा जसजसा उतरतो तसतसा दोघांचा मिळून हिरवा दिसतो. निळा लावण्याआधी जांभळ्या टोनरने, म्हणजे उजळलेल्या केसांची छटा सुधारणाऱ्या हलक्या रंगाने, पिवळेपणा मारायला हवा होता, कारण जांभळा पिवळ्याला खोडतो. आता पुन्हा लावताना निळ्याच्या दहा भागांत एक भाग जांभळा मिसळा. फिरोजी टाळा, तो आधीच हिरव्याकडे झुकलेला असतो.

रंग निवडताना तो पहिल्या दिवशी कसा दिसतो एवढंच पाहू नका, सहा आठवड्यांनी कसा दिसेल तेही विचारा. किरमिजी उतरत गुलाबी होतो, जांभळा राखाडी-लव्हेंडर होतो, दोन्ही बघायला बरे. आणखी एक : निळा आणि हिरवा लावले तर काढायला सगळ्यात चिवट. पुढे गुलाबीकडे जायचं असेल तर निळ्यापासून सुरुवात करू नका, मधल्या काळात मातकट रंग मिळेल.

प्रश्न : उशीला, कॉलरला रंग लागतो. आणि तो टिकवायचा कसा?

हे रंग डेव्हलपरशिवाय लावले जातात आणि केसाच्या बाहेरच्या आवरणाजवळच बसतात, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडे निघतात. लावताना केस पूर्ण कोरडे हवेत आणि शॅम्पूनंतर कंडिशनर लावलेला नको, नाहीतर रंग आत शिरत नाही. ४५ मिनिटं ते तासभर ठेवा. यात पेरॉक्साइड नसल्याने जास्त वेळाने केस बिघडत नाहीत. मग शॅम्पू न लावता गार पाण्याने, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत धुवा. पुढचे तीन दिवस केस धुऊ नका.

आतल्या थराला ऊन कमी लागतं, त्यामुळे त्या वाटेने रंग कमी जातो. तो जातो घामाने, कॉलरच्या घासण्याने आणि फेसाने. डोक्यावरचा सगळा फेस मानेवरूनच खाली वाहतो. म्हणून शॅम्पू फक्त टाळूवर, सल्फेट नसलेला, आठवड्यातून दोनदा. डोकं पुढे वाकवून धुतलंत तर फेस मानेकडून कपाळाकडे जातो आणि आतल्या थरात साचत नाही. दर आठवड्याला १०० मिली पांढऱ्या कंडिशनरमध्ये दोन चमचे तोच रंग मिसळून आतल्या थराला १५ मिनिटं लावला, तर पूर्ण रंगकाम बरंच लांबतं.

स्ट्रेटनर १८० अंशांच्या वर नको. ओले केस घेऊन झोपू नका, उशीवरचे डाग बहुतेक त्यातूनच येतात. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटीमीटर वाढतात. मुळं काळी सोडली असतील तर तीन-चार महिने पाहायचं कारण नाही. नंतर ब्लीच फक्त नव्या वाढलेल्या भागाला. जुन्या भागावर पुन्हा चढलं की केस नेमके त्या सांध्यावर तुटतात.

प्रश्न : कंटाळा आला आणि पुन्हा काळे करायचे ठरवले तर थेट काळा रंग लावू का?

थेट लावला तर काळ्याला हिरवट छटा येते आणि काही धुण्यांतच तो पातळ पडतो. ब्लीचने केसातला लाल-नारिंगी रंग गेलेला असतो, तो आधी भरावा लागतो. तांबूस सेमी-पर्मनंट (धुण्यागणिक उतरत जाणारा) रंग २० ते ३० मिनिटं ठेवून धुवा आणि केस वाळवा. आतला थर तांब्यासारखा दिसला की वरून गडद तपकिरी लावा. काळा नको. ब्लीच झालेले केस रंग जास्त शोषतात, त्यामुळे तपकिरी तिथे काळ्यासारखाच दिसतो आणि वरच्या थराशी जुळतो.