माकडाचा घसा आणि आपली वर्णमाला

प्रश्न : पुस्तकात 'माणूस हा प्राणी आहे' असं लिहिलंय. आजी म्हणते, माणसं वेगळी आणि प्राणी वेगळे. परीक्षेत काय लिहू? (इयत्ता सातवीतील विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : परीक्षेत 'माणूस हा सस्तन प्राणी आहे' असंच लिही. आजीशी मात्र वाद घालू नकोस, कारण भांडण शब्दाचं आहे. ती 'प्राणी' म्हणते तेव्हा तिला जनावर अभिप्रेत असतं. गंमत अशी की 'प्राणी' म्हणजे ज्याच्यात प्राण आहे तो, आणि फारसीतून आलेल्या 'जनावर'च्या पोटातही 'जान'च आहे. शब्दाची फोड केली तर आजीही दोन्हीत बसते!

जीवशास्त्राच्या कसोट्या वेगळ्या आहेत. शरीर अनेक पेशींचं हवं. पेशीत केंद्रक हवं, पण वनस्पतींसारखी पेशीभोवती भिंत नको. अन्न स्वतः बनवता येत नाही, दुसऱ्या सजीवावरच जगावं लागतं. बुरशीसुद्धा आयत्यावरच जगते, पण ती पाचक रस बाहेर सोडून विरघळलेलं अन्न शोषते, शिवाय तिच्या पेशीला भिंत असते. म्हणून ती प्राणी नाही. माणूस या सगळ्या कसोट्यांना उतरतो. त्याचा पत्ता थोडक्यात असा : सृष्टी प्राणी, वर्ग सस्तन, गण प्रायमेट, कुल होमिनिडी, प्रजाती होमो, जाती सेपियन्स.

सजीवांचं वर्गीकरण रचणाऱ्या लिनियसने माणसाला वानरांच्या पंगतीला बसवलं ते १७३५ साली, म्हणजे डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाच्या सव्वाशे वर्षं आधी. 'होमो सेपियन्स' हे नाव त्याने आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या १७५८च्या आवृत्तीत दिलं. आणि 'माकडापासून माणूस झाला' असं उत्तरात लिहू नकोस. चिंपँझी आणि आपण चुलत घराणी आहोत. दोघांचा समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला.

प्रश्न : माकडाला जीभ आहे, दात आहेत, ओठ आहेत, घसाही आहे. मग त्याचं बोलायला अडतं कुठे? (कराड)

उत्तर : आधी आपण कसे बोलतो ते स्वतःवरच तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

गळ्यावर, गिळताना वर-खाली होणाऱ्या उंचवट्यावर दोन बोटं टेकवा. तेच स्वरयंत्र. आता 'स्‌ऽऽ' असा नुसता फुत्कार काढा : बोटांना काही जाणवणार नाही. 'म्‌ऽऽ' असा हुंकार द्या : थरथर लागेल. ही स्वरतंतूंची थरथर. पुरुषांत साधारण सेकंदाला १००-१२० वेळा, बायकांत २००च्या आसपास. 'स'च्या वेळीही थरथर लागली तर तुम्ही त्याला 'अ' जोडताय. आपलं अक्षरच 'अ' पोटात घेऊन येतं, त्यामुळे ही चूक हमखास होते. आता 'म्‌ऽऽ' चालू असताना नाक चिमटीत धरा. आवाज लगेच कोंडेल, कारण 'म'ला ओठ बंद असतात आणि हवा नाकातून जाते.

तिसरी गोष्ट : कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरून 'पळ' आणि 'फळ' म्हणा. 'प'ला पट्टी जेमतेम हलेल, 'फ'ला उडेल. अनेकांची उडत नाही. कारण ते 'फॅन'मधला 'फ' म्हणतात, ज्यात ओठ मिटतच नाहीत, हवा नुसती घासत जाते. त्यांनी 'ताट' आणि 'थाट' म्हणून पाहावं.

आता क, च, ट, त, प सावकाश म्हणा. जिभेचं मूळ मऊ टाळूला लागतं, मग जागा पुढे पुढे सरकत दातांवर आणि शेवटी ओठांवर येते. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. जुन्या शिक्षाग्रंथांनी, म्हणजे उच्चारशास्त्राच्या ग्रंथांनी, तो कधीच मांडून ठेवलाय. मराठीत तर 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, या दोन 'ज'मध्ये जिभेचं टोक जरासंच पुढे सरकतं आणि अर्थ पालटतो. साध्या बोलण्यात सेकंदाला चार-पाच अक्षरं बाहेर पडतात. प्रत्येकासाठी श्वास, स्वरतंतू, पडजीभ, जीभ आणि ओठ यांनी आपापल्या वेळी हजर व्हायचं असतं.

आता माकड. बरीच वर्षं उत्तर असं दिलं जायचं : माणसाचं स्वरयंत्र गळ्यात खाली आहे, माकडाचं वर, म्हणून त्याला वेगवेगळे स्वर काढता येत नाहीत. पहिला भाग खरा आहे. तान्ह्या बाळाचंही स्वरयंत्र वरच असतं, म्हणून ते दूध ओढता ओढता श्वास घेऊ शकतं. पुढे ते खाली उतरतं, आणि अन्नाची व हवेची वाट काही अंतर एकच होते. गिळताना कंठच्छद नावाचं झाकण श्वासनलिका झाकतं. वेळ चुकली की ठसका लागतो. (अनेक जण या झाकणालाच पडजीभ म्हणतात. पडजीभ ही आरशात दिसते ती, टाळूला लोंबणारी.) पण खाली उतरलेलं स्वरयंत्र लाल हरणाच्या नरालाही असतं, आणि ते फक्त डरकतं.

२०१६ साली लांब शेपटीच्या मकाक माकडाचं खाताना, जांभई देताना आणि ओठ चुटपुटवताना क्ष-किरण चित्रीकरण झालं. त्याच्या तोंडाचा पोकळ भाग कोणकोणते आकार घेतो ते मोजून संगणकाकरवी आवाज काढला, तर वेगवेगळे स्वर मिळाले आणि अख्खं इंग्रजी वाक्यही समजण्याजोगं निघालं. म्हणजे वाद्य बऱ्यापैकी आहे. ते अगदी आपल्यासारखं नाही हे खरं : माकड-वानरांच्या स्वरतंतूंवर एक पातळ पापुद्रा असतो, त्याने आवाज फाटतो. माणसात तो नाही, असं २०२२ साली जपानी संशोधकांच्या गटाने दाखवलं. तरीही मोठी अडचण वादकाची आहे.

माणसाच्या मेंदूच्या बाहेरच्या थरापासून, जिथून ठरवून केलेल्या हालचाली सुटतात, स्वरयंत्राचे स्नायू हलवणाऱ्या केंद्रापर्यंत थेट मज्जातंतू जातात. माकडात ही थेट जोडणी जवळजवळ नाही. त्याचं ओरडणं मेंदूच्या खोल, जुन्या भागातून येतं, जिथून आपलं दचकणं आणि हुंदका येतो. पुरावा असा : स्वरयंत्र हलवणारा बाहेरचा भाग दोन्ही बाजूंना निकामी झाला तर माणसाची वाचा जाते, माकडाचं ओरडणं तसंच राहतं.

अमेरिकेत १९४०च्या दशकाअखेरीस विकी नावाच्या चिंपँझीला एका दांपत्याने मुलीसारखं वाढवलं. काही वर्षांच्या मेहनतीनंतर तिला चारच शब्द जमले, तेही सुरुवातीला हाताने ओठ दाबून शिकवावे लागले. पुढे वॉशो नावाच्या चिंपँझीला घशाऐवजी हाताच्या खुणा शिकवल्या, तर ती शंभरावर खुणा शिकली. पण खुणा जोडून वाक्यरचना करण्यात चिंपँझी तोकडे पडतात, असं नीम या चिंपँझीवरच्या प्रयोगानंतर १९७९ साली प्रसिद्ध झालं. उलट जन्मतः बहिऱ्या मुलांना खाणाखुणांची भाषा लहानपणी मिळाली तर ती व्याकरणासकट पूर्ण येते. भाषा घशात नाही, हे यावरून कळावं.

प्रश्न : पोपट तर माकडापेक्षा कितीतरी लांबचा. तो कसा बोलतो? आणि मिरची खायला घातली की लवकर बोलतो हे खरं का? (मालवण)

उत्तर : मिरचीचा काही संबंध नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून तो ती आवडीने खातो. पोपट बोलावा म्हणून त्याची जीभ खरवडणं हा तर निव्वळ छळ आहे.

पक्ष्यांचं आवाजाचं यंत्र घशात नसून छातीत, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे असतं. पोपट त्या आवाजाला जाड जिभेने आकार देतो. त्याला ओठ नाहीत, त्यामुळे 'मिठू'चा 'म' खरा 'म' नसतो, जवळचा आवाज असतो. महत्त्वाचं असं की ऐकून आवाज शिकण्याची सोय त्याच्या मेंदूत आहे. ही सोय मोजक्यांकडेच आहे : पोपट, गाणारे पक्षी, गुंजन पक्षी, देवमासे व डॉल्फिन, सील, हत्ती, वटवाघळं आणि माणूस. दक्षिण कोरियातला कोशिक हा हत्ती सोंड तोंडात घालून पाच कोरियन शब्द काढायचा. त्यावरचा अभ्यास २०१२ साली छापून आला. कोंबड्याने आयुष्यात दुसरा कोंबडा ऐकला नाही तरी तो आरवतोच. माणसाच्या मुलाने ऐकलं नाही तर ते बोलायला शिकत नाही. म्हणून बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच करून घ्यावी, दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत.

आणि हो, आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बोलता असो वा मुका.

प्रश्न : आमच्या कुत्र्याला सगळं समजतं. नुसती वाचा नाही. (नाशिक)

उत्तर : 'सगळं' नाही, पण बरंच. चेसर नावाच्या बॉर्डर कोली कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं ओळखता येत होती. समजणं आणि उच्चारणं ही खाती वेगळी आहेत. दहा महिन्यांचं बाळही 'दिवा कुठाय?' म्हटलं की वर बघतं, पण 'दिवा' म्हणत नाही.

प्रश्न : ताडोबात गाइड म्हणतात, 'वानराने कॉल दिला, वाघ आहे.' मग ही भाषा नाही का? (चंद्रपूर)

उत्तर : माहिती आहे, भाषा म्हणायला जड जातं. केनियातल्या व्हर्व्हेट माकडांचे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन निरनिराळे इशारे आहेत. ध्वनिमुद्रण ऐकवलं तरी ती अनुक्रमे झाडावर चढतात, वर बघतात, उभी राहून गवतात शोधतात. पण 'काल इथे बिबट्या होता' किंवा 'उद्या येईल का?' हे कुठल्याच माकडाला सांगता येत नाही. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल मधमाशी सांगते : फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब हे ती पोळ्यावर नाचून दाखवते. मात्र मधमाश्यांचा अभ्यासक फॉन फ्रिश याने उंच मनोऱ्यावर खाद्य ठेवलं तेव्हा तिला ते सांगता आलं नाही. तिच्या नाचात 'वर' नाही.

जंगलात एवढं पाहा : एकच खकार झाला तर थांबून ऐका. वानर टेहळणीच्या फांदीवर बसून सतत खाकरत असेल आणि एकाच दिशेला नजर लावून असेल, तर तिकडे बघा. चितळ पुष्कळदा नुसत्या शंकेनेही ओरडतं. वानराला वरून दिसतं, म्हणून गाइड त्याच्यावर जास्त विसंबतात. आणि कॉल थांबला म्हणजे वाघ गेलाच असं नाही. तो नुसता गवतात बसलेला असू शकतो.