पाय सारखे खाली जातात, काय करू?

प्रश्न: स्कूबा डायव्हिंग करताना पाय लोंबकळतात, बीसीडीत (तरंगणं सांभाळायच्या, हवा भरायच्या जॅकेटात) हवा भरत-सोडत बसते आणि माझाच सिलिंडर सगळ्यांच्या आधी संपतो. काय चुकतंय?

उत्तर: आधी शिसं (पाण्याखाली जाण्यासाठी बांधलेलं वजन) मोजा हो, नवशिक्यांच्या कमरेला बहुतेक वेळा ते जास्तच असतं, मग ते तोलायला बीसीडीत जास्त हवा, ती हवा छातीकडे आणि वजन कमरेला, म्हणजे पाय खाली जाणारच. डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार (हवेचा दाब) उरलेत, बीसीडी जवळपास रिकामा आहे आणि तरी ५ मीटर खोलीवर स्थिर राहता येतंय, तर वजन बरोबर. थोडं शिसं वर सिलिंडरच्या पट्ट्याला लावून बघा. बारीक चढउतार श्वासानेच सांभाळायचा, पण श्वास रोखायचा नाही, कधीच नाही! किक फ्रॉग, म्हणजे बेडकासारखी, मारा, मग थांबून सरकत जाऊ द्या, घाई कसली?