मयताचे कर्ज आणि वारसाची सही

प्रश्न : माझे पती पीथमपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. 14 जूनला हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. घरी मी, दहावीतला मुलगा आणि सासूबाई आहोत. लोकमान्य नगरातले घर सासूबाईंच्या नावे आहे. दोन वर्षांपूर्वी यांनी एका खासगी फायनान्स कंपनीकडून 7,20,000 रुपयांचे कर्ज काढून गाडी घेतली. हप्ता सुमारे 15,100 रुपये आहे आणि 4,72,000 बाकी आहेत. शिवाय क्रेडिट कार्डाचे 1,38,000 आणि धाकट्या दिरांना जामीन ठेवून बँकेतून काढलेल्या वैयक्तिक कर्जाचे 2,10,000 देणे आहे. यांचे एक मित्र दीड लाख उसने दिल्याचे सांगतात, त्यांच्याकडे यांच्या सहीचा चेक आहे. कंपनीचा माणूस आठवड्यातून दोनदा येतो, "घरावर जप्ती येईल" म्हणतो, आणि सहीसाठी एक कागद ठेवून गेला आहे. गाडीला बाजारात 5,40,000 येत आहेत, पण दीर म्हणतात, गाडी मी वापरतो, हप्तेही मीच भरतो. दिवसकार्यासाठी मी यांच्या एटीएम कार्डाने 40,000 काढले, त्याचीही धास्ती वाटते. काय करावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, आपण पत्रासोबत त्या कागदाची छायाप्रत पाठवली हे फार बरे केले, कारण आपल्या प्रकरणात खरा धोका गाडीचा नसून त्या कागदाचा आहे. कागद हिंदीत आहे आणि त्याची तिसरी ओळ अशी : "मैं उक्त ऋण का संपूर्ण दायित्व स्वेच्छा से स्वीकार करती हूँ।" वसुलीचा माणूस याला नाव बदलण्याची औपचारिकता म्हणत असेल, परंतु या एका ओळीखाली सही झाली की आज जे कर्ज आपल्या पतीचे आहे ते उद्या आपले होईल, आणि मग त्याची वसुली आपल्या पगारातून, दागिन्यांतून, बचतीतूनही करता येईल. त्यावर सही करू नये. कागद फाडूही नये, जपून ठेवावा.

माणूस गेल्याने त्याचे कर्ज बुडत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 37 प्रमाणे ते त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींवर येते. पण किती येते, याचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 50 मध्ये आहे : मयताची जेवढी मालमत्ता वारसाच्या हाती आली आणि जेवढी अद्याप रीतसर खर्च झालेली नाही, तेवढ्यापुरतेच. वारसाची स्वतःची कमाई आणि स्वतःची मिळकत त्यात ओढता येत नाही. सासूबाई "बापाचे ऋण मुलाने फेडावेच लागते" असे म्हणत असतील, तर त्यांची भावना आदरणीय आहे आणि जुना हिंदू कायदाही काहीसा तसाच होता. परंतु हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 9 सप्टेंबर 2005 नंतर काढलेल्या कर्जासाठी, केवळ पुत्राचे धर्मकर्तव्य म्हणून मुलावर वसुली लादता येत नाही.

हे सारे एका अटीवर खरे आहे. दोन वर्षांपूर्वी शोरूममध्ये चहा घेता घेता आपल्यासमोर काही कागद सरकवले गेले होते का, हे शांतपणे आठवून पाहावे. पत्नीची सही सहकर्जदार म्हणून घेण्याची पद्धत सर्रास आहे, आणि सही करणाऱ्या बाईला ती आपण कोणत्या नात्याने केली हे पुष्कळदा ठाऊकच नसते. तशी सही असेल तर गाडीच्या कर्जापुरते माझे वरचे उत्तर पूर्ण बदलते, कारण सहकर्जदार हा वारस म्हणून नव्हे तर स्वतःच्या नावाने देणेकरी असतो. म्हणून कंपनीकडून मूळ करारपत्र आणि मंजुरीपत्राची प्रत आधी मागवावी. मंजुरीपत्रात दुसरीही एक गोष्ट पाहावी. कर्ज देताना रकमेतून विम्याचा हप्ता कापलेला आहे काय? अनेक कंपन्या कर्जासोबत कर्जदाराचा जीवनविमा परस्पर उतरवतात, आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. तसा विमा निघाला तर उरलेले कर्ज विमा कंपनी भरेल. पतीच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास 436 रुपयांची कपात दिसते का, तेही पाहावे. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची असते आणि त्यातून वारसाला दोन लाख मिळतात.

आता पतीची मालमत्ता म्हणजे नेमके काय. त्यांच्या खात्यातील शिल्लक आणि कर्ज फेडून उरणारे गाडीचे मूल्य, एवढेच त्यात येते असे आपल्या पत्रावरून दिसते. घर सासूबाईंचे आहे आणि त्या ना कर्जदार ना जामीन. त्यामुळे मुलाच्या कर्जापोटी त्या घराला हात लागू शकत नाही, आणि "जप्ती येईल" ही निव्वळ धमकी आहे. भविष्य निर्वाह निधीची रक्कम नॉमिनीच्या हाती मयताच्या कर्जापासून मुक्त अशी येते, ग्रॅच्युइटीवर दिवाणी हुकूमनाम्याची जप्ती येत नाही, आणि आयुर्विम्याचे पैसेही संहितेच्या कलम 60 ने जप्तीतून वगळलेले आहेत. हे पैसे कर्ज देणाऱ्या बँकेत जमा होऊ देऊ नयेत. दुसऱ्या बँकेत स्वतःच्या नावाचे वेगळे खाते उघडून तेथेच घ्यावेत, म्हणजे पुढे कोणता पैसा कुठला याचा घोळ होणार नाही. कारखान्याच्या कार्यालयात पीएफसोबत जोडलेल्या विम्याची चौकशी अवश्य करावी, त्याची मर्यादा सात लाखांपर्यंत आहे.

एटीएममधून काढलेल्या चाळीस हजारांविषयी इतके घाबरण्याचे कारण नाही, मात्र ती चूक होती. खातेदार गेल्यावर त्याचे कार्ड किंवा मोबाइलवरील पैसे पाठवण्याची सोय वापरण्याचा अधिकार घरच्या कोणालाही नसतो. बँकेला मृत्यूचा दाखला देऊन रीतसर दावा करायचा असतो. अंत्यविधी आणि दिवसकार्य यांचा वाजवी खर्च मयताच्या मालमत्तेतून करणे कायद्याला अमान्य नाही, म्हणून गुरुजींची दक्षिणा, मंडपवाला, किराणा यांच्या पावत्या एका पाकिटात घालून वर बेरीज लिहावी. उद्या न्यायालयाने "हाती काय आले आणि कुठे गेले" असे विचारले तर ते पाकीट हेच आपले उत्तर. कार्ड मात्र यापुढे वापरू नये.

गाडीच्या बाबतीत दिवस मोजून चालावे लागेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 56 प्रमाणे मालकाच्या मृत्यूची आणि गाडी वापरणार असल्याची सूचना तीस दिवसांत आरटीओला द्यायची असते, आणि नाव बदलण्याचा फॉर्म 31 तीन महिन्यांत भरायचा असतो. पहिली मुदत 14 जुलैला टळली, तरी सूचना उशिरा का होईना द्यावी. दुसरी 14 सप्टेंबरच्या सुमारास संपेल. मोटार विम्याचेही तसेच आहे : विमाधारक गेल्यावर पॉलिसी तीन महिने, किंवा तिची मूळ मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच, चालू राहते. या काळात ती वारसाच्या नावे करून घ्यावी लागते.

म्हणूनच दिरांचा प्रस्ताव, तो कितीही मायेपोटी आलेला असो, मला पटत नाही. ते आपल्या पतीचे वारस नाहीत. वारस तिघे : आपण, मुलगा आणि सासूबाई, प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश. गाडी मयताच्या नावे, विमा संपत आलेला, आणि चालवणारा तिसराच, अशा स्थितीत एखादा अपघात झाला तर नुकसानभरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर, म्हणजे त्यांच्या पश्चात वारसांवर येतो. नोंदणीत ज्याचे नाव, त्याची जबाबदारी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलेले आहे. दिरांना गाडी हवीच असेल तर त्यांनी ती रीतसर विकत घ्यावी.

माझे मत विचाराल तर गाडी विकावी. आपण लिहिता की बाजारात तिला 5,40,000 येत आहेत. कंपनीचे 4,72,000 देऊन 68,000 हाती राहतील. तीच गाडी कंपनीने ओढून नेऊन लिलावात चार लाखांना काढली, तर 72,000 ची तूट, त्यावर गाडी ओढून नेण्याचा आणि यार्डात ठेवण्याचा खर्च, आणि या रकमेसाठी पुन्हा पतीच्या उरलेल्या मालमत्तेवर दावा. विक्रीचा क्रम असा ठेवावा की कंपनीकडून आजच्या तारखेचे एकरकमी फेडीचे पत्र घ्यावे, ग्राहकाचा पैसा त्या पत्रातील रकमेइतका थेट कर्ज खात्यात भरवावा, मग कंपनीचे ना-हरकत पत्र आणि नोंदणीवरील कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 घेऊन नायता मुंडल्याच्या आरटीओत आधी आपले नाव आणि नंतर ग्राहकाचे नाव चढवावे. सासूबाईंचे शपथपत्र लागेल, मुलाच्या वतीने आपणच सही कराल. मुदतपूर्व फेडीचे शुल्क माफ करण्याची विनंती लेखी करावी, तोंडी नको. गाडी ठेवायचीच झाली तर कंपनी नवा करार मागेल आणि तेव्हा आपण खरोखर कर्जदार व्हाल. दहावीतल्या मुलाच्या आईने पंधरा हजारांचा तो हप्ता अंगावर घ्यावा असे मला वाटत नाही.

कंपनीला आणि दोन्ही बँकांना मृत्यूच्या दाखल्यासह पुढील आशयाचे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोच जपावी : "माझे पती अमुक यांचे दिनांक 14 जून रोजी निधन झाले. त्यांच्या खात्यातील आजची बाकी, करारपत्राची प्रत आणि कर्जासोबतच्या विम्याचा तपशील द्यावा. यापुढील पत्रव्यवहार लेखी करावा. हे पत्र म्हणजे सदर कर्जाची माझी वैयक्तिक कबुली नव्हे." शेवटचे वाक्य गाळू नये. घरात दुःख झाले असता वसुलीचा फोन किंवा भेट टाळावी असे बँकांच्या आचारसंहितेतच आहे, आणि सकाळी 8 पूर्वी वा संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी त्रास देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तो माणूस पुन्हा आला तर त्याचे ओळखपत्र मागावे, आणि कंपनीला केलेल्या लेखी तक्रारीचे तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

क्रेडिट कार्डामागे ना तारण, ना जामीन. शिल्लक मालमत्तेच्या प्रमाणात एकरकमी तडजोड मांडावी, बहुधा स्वीकारली जाते. वैयक्तिक कर्जाचे मात्र तसे नाही, आणि हे दिरांना आजच सांगावे, कारण त्यांना गाडीची चिंता आहे पण स्वतःच्या जामिनाची नाही. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि बँक आधी वारसांकडे जाण्यास बांधलेली नाही, ती सरळ दिरांच्या पगारावर दावा लावू शकते. त्यांनी जे भरले ते पतीच्या मालमत्तेतून मागण्याचा हक्क त्यांना आहे, पण ती मालमत्ताच तुटपुंजी आहे. तेव्हा आपण आणि दीर दोघांनी मिळून बँकेत जावे. प्रकरण लोक अदालतीत ठेवता आले तर उत्तम. मात्र तेथील तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नाही, म्हणून "मयताच्या मालमत्तेपुरते" हे शब्द असल्याशिवाय तेथेही सही करू नये. स्त्री म्हणून आपल्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो, उत्पन्नाची अट नाही.

राहता राहिले मित्र. मयताच्या सहीचा चेक बँक वटवणार नाही, आणि त्यासाठी पत्नीवर किंवा मुलावर चेक न वटल्याचा फौजदारी खटलाही चालत नाही. त्यांना दिवाणी दावाच करावा लागेल, तोही पैसे दिल्यापासून सामान्यतः तीन वर्षांच्या आत, आणि दीड लाख कधी, कसे, कोणत्या खात्यातून दिले हे सिद्ध करून. त्यांच्याशी कटुता नको. बँकेतील नोंद दाखवा, इतर घेणेकऱ्यांबरोबर तुमचाही विचार होईल, एवढे दिरांकरवी सांगावे, आणि त्यांनी "वहिनी, फक्त आठवणीसाठी दोन ओळी लिहून द्या" असे म्हटले तरी लिहून देऊ नये.