अँड्रॉइड सोडून जुना आयफोन घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की सात वर्षं अँड्रॉइड वापरताय, बजेट ४० हजार आहे आणि ऑफिसातली मंडळी ‘जुना का होईना, पण आयफोनच घे’ म्हणून मागे लागलीत. आईकडे अँड्रॉइड आहे आणि तो तुम्हीच सांभाळता, हेही जाता जाता सांगितलंय. माझं उत्तर आधी देऊन टाकतो: नका घेऊ. त्याच पैशात नवा अँड्रॉइड घ्या. आणि त्यामागचं मोठं कारण म्हणजे तुमचं ते आईबद्दलचं वाक्य.

साताऱ्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. २००९ साली टाकलं तेव्हा टेबलावर नोकियाच नोकिया असायचे. आत सिम्बियन सिस्टीम आहे की आणखी काय, याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नव्हतं. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिम्बियन बाजूला सारून विंडोज फोनची वाट धरली. २०१३ चा ल्युमिया ५२० मला अजून आठवतो. रॅम फक्त ५१२ एमबी, पण स्क्रीनवरच्या त्या रंगीत चौकटी अशा सरसर पळायच्या की त्याच किमतीचा अँड्रॉइड शेजारी ठेवला तर बैलगाडी वाटायची. मी स्वतः तो दीड वर्ष वापरला. फोन झकास, पण ॲप येईनात. ॲप नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून ॲप बनवणारे फिरकत नाहीत. ३१ डिसेंबर २०१९ ला व्हॉट्सॲपनेही विंडोज फोनवरून गाशा गुंडाळला. त्या जानेवारीत एक काका ल्युमिया घेऊन आले, ‘व्हॉट्सॲप बिघडलंय, जरा बघ रे.’ फोनला काहीच झालेलं नव्हतं. ते त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला.

मधल्या काळात १,९९९ रुपयांचा फायरफॉक्स सिस्टीमवाला इंटेक्स येऊन गेला, ५,७०० चा टायझेन सिस्टीमवाला सॅमसंग झेड वन येऊन गेला. त्यांचे डिस्प्ले मी कधी मागवलेही नाहीत. आता सिस्टीम उरल्या दोनच, अँड्रॉइड आणि आयफोनची, आणि बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप दोन्हींकडे सारखंच चालतं. त्यामुळे कुठली सिस्टीम भारी या वादात मी काउंटरवर पडत नाही. फोन अडला की तुम्ही कुणाला विचारता आणि तुम्हाला कोण विचारतं, एवढंच मी बघतो.

तुम्हाला आई विचारते. फोनवरून. ‘अरे, आवाजच येत नाहीये,’ म्हणते आणि तुम्ही सांगता, ‘वरून बोटाने खाली ओढ, चंद्रासारखं चिन्ह दिसतंय का, ते निळं झालंय का?’ हे तुम्ही आत्ता डोळे मिटून सांगू शकता, कारण दिवसभर तेच तुमच्या हातात असतं. सहा महिने आयफोन वापरा आणि मग सांगून बघा. माझ्याकडे येणारे निम्मे ज्येष्ठ नागरिक बिघाड घेऊन येतच नाहीत. मुलगा पुण्याला, त्याच्याकडे आयफोन, आणि त्याला आईबाबांच्या फोनमधलं काही आठवत नाही, म्हणून येतात. मी पाच मिनिटांत करून देतो, पैसे घेत नाही, पण आयफोनवाल्या मुलांच्या नावाने मनातल्या मनात दोन शब्द बोलतो.

आईलाही आयफोन घेऊन द्यावा, असं मनात येईल. त्याची एक बाजू खरीच भक्कम आहे. हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, नाहीतर आरटीओचं चलन येतं, आणि ते चित्र किंवा पीडीएफ नसून एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाईल असते. अँड्रॉइडवर ती दाबली की फोन विचारतो, बाहेरचं ॲप टाकू देऊ का? माणूस पत्रिका बघायच्या घाईत ‘हो’ म्हणतो. मग ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, तीही मिळते, आणि पुढचे ओटीपी परस्पर भामट्याकडे. गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक अशीच पत्रिका उघडून दुकानात आले होते. मी आधी एअरप्लेन मोड लावला, माझ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून दिला, बँकेला कळवायला सांगितलं आणि मग ते ॲप शोधत बसलो. चिन्हच लपवलं होतं त्याने, सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत सापडलं. गुरुजींचे पैसे वाचले, पण त्यांचा हात थरथरत होता तो थांबेना. हीच फाईल आयफोनवर दाबली तर काहीही होत नाही, एपीके तिथे चालतच नाही. आयफोनच्या बाजूने मला कुणी एकच मुद्दा मांडायला सांगितला तर मी हाच मांडेन. कॅमेरा, व्हिडिओ वगैरे त्यानंतर.

पण आईची इतक्या वर्षांची सवय मोडून तिला नव्याने सगळं शिकवणं हे काम माझ्या मते त्या एपीकेपेक्षा अवघड आहे. भाषेचंही बघा. अँड्रॉइडचा सगळा मेनू मराठीत २०१४ च्या लॉलीपॉपपासून आहे, आयफोनवर तो आला २०२५ मध्ये. आईचा फोन मराठीत असेल तर सेटिंगचे शब्द तिच्या तोंडात बसलेले असतात. ते राहू द्या. फक्त तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, व्हॉट्सॲपला आणि क्रोमला बाहेरची ॲप टाकायची परवानगी आहे का. असेल तर आजच काढा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप तपासणारी सोय, चालू आहे का तेही बघा.

आता ‘जुना आयफोन’ या शब्दांकडे येतो, कारण ऑफिसातले मित्र याबद्दल बोलत नाहीत. आयफोनला अपडेट बरीच वर्षं मिळतात हे खरं, २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चं आयओएस १८, म्हणजे आयफोनची त्या वर्षीची सिस्टीम, मिळालं. पण ती वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजायची, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. २०२१ चा आयफोन १३ घेतला तर त्याची निम्मीअधिक वर्षं दुसऱ्या कुणीतरी वापरून झालीत. इकडे सॅमसंगने २०२५ मधल्या ए-३६ आणि ए-५६ ला सहा वर्षांचे अपडेट कबूल केलेत, आणि हे फोन साधारण तुमच्याच बजेटातले. महागातल्या गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या एस-२४ ला तर सात वर्षं. पाच वर्षांपूर्वी मी हे लिहिलंच नसतं. तेव्हा बऱ्याच अँड्रॉइड कंपन्या दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडून देत.

दुसरं, बॅटरी. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटरी ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळच्या ८० टक्के क्षमता राखतील, असं धरून बनवलेल्या आहेत. आयफोन १५ पासून तो आकडा १,००० झाला. म्हणजे तीन वर्षं वापरलेला फोन ‘हेल्थ ८१ टक्के’ दाखवत असेल तर त्यात वावगं काही नाही, पण बॅटरीचा खर्च किमतीत धरा. आणि ‘हेल्थ १००’ दिसली तर खूश होऊ नका, आधी जनरलमधल्या अबाउटमध्ये जा. बॅटरी किंवा डिस्प्ले बाहेरचा बसवला असेल तर बऱ्याचदा तिथे ‘अननोन पार्ट’ असं सरळ लिहिलेलं असतं. आमच्या धंद्यातले काही लोक ती ओळ दिसू नये म्हणून काय काय उद्योग करतात ते इथे लिहीत नाही.

आणि व्हॉट्सॲप. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. २०२२ पासून चॅट नेता येतात, पण ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपने, आणि आयफोन कोरा किंवा रिसेट केलेला असतानाच. लोक आधी नवा फोन चार दिवस मिरवतात आणि मग चॅट आणायला येतात. तोवर केलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

तुम्ही इस्टेटीच्या किंवा ठेकेदारीच्या धंद्यात असाल तर एक ओळ जास्तीची: आयफोनवर कॉल रेकॉर्ड करता येतो, पण समोरच्याला तसं ऐकवून. काही अँड्रॉइड कंपन्यांचे डायलर गुपचूप करतात. त्यात योग्य-अयोग्य काय ते तुम्ही ठरवा.

एवढं वाचूनही आयफोनच घ्यायचा असेल तर घ्या, हौसेला मोल नसतं. पण ज्याचा फोन आहे त्याच्यासमोर बसून घ्या. महिन्याभरापूर्वी एक मुलगा असाच घेतलेला फोन घेऊन आला. विकणाऱ्याने रिसेट मारून दिला होता, स्क्रीनवर छान ‘हॅलो’ येत होतं. वायफाय जोडलं आणि दोन मिनिटांत फोनने जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला, वर कुणाच्यातरी ईमेलचं पहिलं अक्षर आणि पुढे नुसते ठिपके. विकणाऱ्याचा नंबर बंद. अँड्रॉइडलाही असं कुलूप असतं, मात्र आयफोनचं फारच पक्कं. मी ते उघडत नाही, आणि ‘उघडून देतो’ म्हणणाऱ्याकडेही जाऊ नका. मालकाला तुमच्या डोळ्यांदेखत सेटिंगमध्ये जाऊन, स्वतःच्या नावावर दाबून, पासवर्ड टाकून साइन आउट करायला लावा. मग तिथेच रिसेट मारून, तुमच्या हॉटस्पॉटवर फोन पहिल्यापासून सुरू करून बघा. तोपर्यंत पैसे खिशातच राहू द्या.