ऐक्याच्या प्रार्थनेत काय मागायचं

प्रिय बेटा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

जानेवारीत सगळ्या पंथांचे ख्रिस्ती मिळून ऐक्यासाठी प्रार्थना करतात, त्या सप्ताहाचं काम तरुण संघाने यंदा तुझ्यावर सोपवलं, हे वाचून आनंद झाला. पण त्याच पत्रात तू विचारलंस, "टीचर, बाप्तिस्म्यावर आपलं एकमत नाही, प्रभुभोजनाच्या मेजाशी सगळ्यांना एकत्र येता येत नाही, मरीयेचा विषय निघाला की आवाज चढतात. मग आठ दिवस एकमेकांच्या चर्चमध्ये जाऊन गाणी म्हणायची, हा देखावा नाही का?"

देखावा होऊ शकतो, हे मी नाकारणार नाही. पण तो मतभेदांमुळे होत नाही. आपण देवाकडे नेमकं काय मागतो, त्यावर ते ठरतं. म्हणून आधी या सप्ताहाची थोडी हकिकत सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

१९०८ साली अमेरिकेत ग्रेमूर इथे पॉल वॉटसन या एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन, धर्मगुरूने १८ ते २५ जानेवारी हे आठ दिवस ऐक्याच्या प्रार्थनेसाठी नेमले. १८ तारखेला पेत्राची आठवण, २५ तारखेला पौलाच्या परिवर्तनाची. कल्पना सुंदर होती, पण मागणं होतं ते असं की वेगळ्या झालेल्या सगळ्यांनी रोमशी, म्हणजे पोपच्या कॅथलिक मंडळीशी, पुन्हा जुळावं. पुढच्याच वर्षी वॉटसन स्वतः कॅथलिक झाला. आता सांग, ही प्रार्थना प्रेस्बिटेरियन किंवा बाप्टिस्ट माणसाच्या तोंडून मनापासून कशी निघावी? तो "आमेन" म्हणेल ते ओठांनी. नंतर १९३०च्या दशकात फ्रान्समधल्या लिओं शहरात पॉल कुतुरिए नावाच्या कॅथलिक धर्मगुरूने त्या मागण्याचा गाभाच बदलला. ख्रिस्ताला हवं असेल ते ऐक्य, ख्रिस्ताला हवं तेव्हा आणि त्याला हव्या त्या मार्गाने मिळू दे, असं मागा, असं त्याने शिकवलं. ते ऐक्य कुठल्या रूपात येईल, हे त्याने आधी ठरवून टाकलं नाही.

ऐक्याच्या वाटेवर पुष्कळ परिषदा झाल्या, जाडजूड दस्तऐवज निघाले, त्यांचं मोल मी जाणते. तरी मला वाटतं, त्या सगळ्यांसाठी दार उघडलं ते या एका बदलाने. १९६४मध्ये कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्यासंबंधी जो दस्तऐवज काढला, त्यातही अंतःकरणाचं परिवर्तन, पवित्र जीवन आणि प्रार्थना यांनाच या चळवळीचा आत्मा म्हटलं आहे. १९६८पासून तर या सप्ताहाचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक मंडळी परिषद, म्हणजे जगभरच्या चर्चसंस्थांची संघटना, यांनी मिळून तयार केलेलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट सांगते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची समज. प्रार्थनेला उभी राहशील तेव्हा "प्रभू, यांना आमच्यासारखं कर" हे मागणं मनातून काढून टाक. ते फार चोरपावलांनी येतं. "प्रभू, यांचे डोळे उघड", "यांना पूर्ण सत्य कळू दे" अशा भक्तिपूर्ण शब्दांत येतं. तसं मागणारा माणूस वाईट नसतो, त्याची श्रद्धाही खरी असते. पण तो ऐक्य मागत नसतो, विजय मागत असतो. आपला प्रभू धरला गेला त्या रात्री "त्या सर्वांनी एक व्हावे" असं मागत होता, आणि त्याच दमात जगाने विश्वास धरावा म्हणून, असंही म्हणाला. ती प्रार्थना त्याची आहे. आपण तिच्यात सामील व्हायचं, आपल्या सोयीची दुरुस्ती तिच्यात करायची नाही.

तू नागपुरात आहेस, म्हणून एक गोष्ट तुला पुस्तकातून शिकायची गरज नाही. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एक झाल्या आणि उत्तर भारताची मंडळी, आपण सगळे जिला सीएनआय म्हणतो, ती जन्माला आली. अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांची आधीच एक झालेली मंडळी होती, बाप्टिस्ट होते, ब्रदरेन होते, डिसायपल्स होते, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट होते. बोलणी सुरू झाली होती १९२९मध्ये. म्हणजे ४१ वर्षं. ज्यांनी ती सुरू केली, त्यातल्या कितीतरी जणांना तो दिवस पाहायला मिळाला नाही.

त्या ४१ वर्षांत काय सोडवायचं होतं ते पाहा. बाप्टिस्ट म्हणत, समजत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा देत आले होते. यांच्याकडे बिशप, त्यांच्याकडे बिशपच नाही. एकाने हरावं आणि दुसऱ्याने जिंकावं असं ठरवलं असतं तर आजही बोलणीच चालू असती. त्यांनी दोन्ही प्रकारचा बाप्तिस्मा एकाच मंडळीत मान्य केला. बिशपपद सगळ्यांनी स्वीकारलं, पण मंडळीच्या सभेला आणि तिने निवडलेल्या वडीलजनांना कारभारात जागा राहिली. पाळकपणाचा प्रश्न तर सगळ्यात अवघड होता, कारण कुणाची दीक्षा खरी आणि कुणाची अपुरी, हे कुणी कुणाला तोंडावर कसं सांगणार? मग हात ठेवून प्रार्थना करण्याचा एक विधी ठरला. त्यातून देवाने प्रत्येकाला जे उणं असेल ते द्यावं, असं मागणं होतं. कुणाला काय उणं आहे, हे देवावर सोपवलं होतं. मला या विधीचं फार मोल वाटतं. धर्मशास्त्राचे विद्वान त्यावर वाद घालतात, घालू देत.

सगळं सुरळीत झालं असंही सांगत नाही. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. ऐक्यानंतर मिळकतींवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. गुजरातमधल्या ब्रदरेन मंडळीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हे तुला माहीत असायला हवं, कारण कुणीतरी बैठकीत उठून तेच विचारेल. तेव्हा लपवू नकोस. ठरावाने संस्था एक होतात. माणसं एक होण्याचं काम त्यानंतर दर पिढीला नव्याने करावं लागतं, आणि आता ते तुमच्या पिढीकडे आलं आहे.

आता सप्ताहाच्या कामाचं. ज्या चर्चमध्ये त्या संध्याकाळची उपासना असेल, तिथली पद्धत चालू दे. सगळ्यांना चालेल असा बेचव कार्यक्रम आठही दिवस छापू नकोस. कॅथलिकांकडे गेलात तर त्यांच्यासारखे गुडघे टेका, ऑर्थोडॉक्स मंडळीकडे गेलात तर धूप असेल, लांब गायन असेल, ते शांतपणे ऐका. मात्र वचन सांगायला नेहमी पाहुणा असावा. बाप्टिस्टाने कॅथलिक चर्चमध्ये वचन सांगावं, फादरांनी आपल्याकडे. आणि वक्त्यांना आधीच वीस मिनिटं सांग. आपल्याकडे भाषणं वाढतात आणि प्रार्थनेला पाच मिनिटं उरतात. त्या आठवड्याचं नावच प्रार्थना-सप्ताह आहे.

प्रार्थनेत नावं घे. "सर्व मंडळ्यांना आशीर्वाद दे" एवढ्याने कुणाचं मन हलत नाही. त्या पॅरिशमध्ये कोण आजारी आहे, कुणाच्या घरी दुःख झालं आहे, कोणत्या सिस्टरची बदली झाली आहे, हे आधी विचारून ठेव आणि त्यांच्यासाठी त्यांच्याच वेदीपुढे माग. दुसऱ्या पंथाच्या माणसासाठी नाव घेऊन देवाजवळ रडलेला माणूस नंतर त्या पंथाबद्दल टाकून बोलत नाही, हे मी पाहिलं आहे.

गाण्यांची काळजी करू नकोस. नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, पण त्यांची भजनं अँग्लिकनांनी, मेथडिस्टांनी, प्रेस्बिटेरियनांनी आपलीच मानली. पेटी, तबला, झांजा घ्या आणि भजनं म्हणा. नागपुरात मराठीबरोबर हिंदी, इंग्रजी, तेलुगू, मल्याळम बोलणारे विश्वासणारे आहेत, तेव्हा शास्त्रपाठ तरी दोन-तीन भाषांत वाचले जावेत.

विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची ठरलेल्या शब्दांतली कबुली, जरूर म्हणा, आणि निकेयाचाच म्हणा. ३२५ साली निकेयाला जमलेल्या बिशपांनी ज्या विश्वासाची कबुली दिली, तिला २०२५मध्ये १७०० वर्षं झाली. आपल्यातली बहुतेक भांडणं तिच्यानंतरची आहेत. एक खबरदारी घे. पवित्र आत्मा पित्यापासून "आणि पुत्रापासून" निघतो, हे शब्द पश्चिमेच्या मंडळ्यांनी नंतर घातले आणि ऑर्थोडॉक्स ते म्हणत नाहीत. कळमेश्वरला त्यांची सेमिनरी आहे, तिथून कुणी येणार असतील तर त्यांना आधी भेटून विचार. ते शब्द वगळलेला पाठ संयुक्त उपासनेत म्हणायला कुणाची हरकत नसावी.

प्रभुभोजनाबद्दल तू दुखावलेली दिसतेस. तुझी मैत्रीण मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, पुढे गेली आणि तू बाकावर बसून राहिलीस, हे तू लिहिलंस. ते दुःख खरं आहे आणि ते नाहीसं करण्याचा सोपा उपाय माझ्याकडे नाही. काही तरुण म्हणतात, नियम कसले पाळता, पुढे जा आणि घ्या. तसं करू नकोस. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांसाठी ते मेज पूर्ण ऐक्याची खूण आहे आणि ऐक्य पूर्ण नसताना खूण दाखवणं त्यांच्या सद्सद्विवेकाला पटत नाही. आपली मंडळी त्या बाबतीत अधिक मोकळी आहे आणि मला आपली भूमिका बरोबर वाटते. पण दुसऱ्याच्या घरात त्याच्या सद्सद्विवेकाला धक्का देऊन मिळवलेली भाकर ऐक्याची नव्हे. तू बाकावर बसशील तेव्हा ती वेळ फुकट घालवू नकोस. त्याच वेळी माग. ज्याला ही फाटाफूट दुखते, तोच ती मिटावी म्हणून नेटाने मागत राहतो.

आणखी एका भेगेबद्दल लिहायलाच हवं, कारण तिच्याबद्दल सप्ताहात सहसा कुणी बोलत नाही. आपल्याकडे पंथांपेक्षा जात अधिक खोल भेद पाडते. सोयरीक जुळवताना आधी पंथ विचारला जातो की जात, हे तुला माहीत आहे. २०१३च्या सप्ताहाचं साहित्य भारताच्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने तयार केलं होतं. त्यांनी बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय घेतला, देव आपल्याकडून काय मागतो, आणि दलित ख्रिस्ती लोकांचा प्रश्न जगभरच्या मंडळ्यांपुढे ठेवला. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धर्मांतर केलं, त्या शहरातल्या मंडळीला हा प्रश्न टाळता येणार नाही. आपल्यात माणसाला माणूस म्हणून जागा आहे का, हे दीक्षाभूमीवर जाणारा आपला शेजारी पाहत असतो. आपली साक्ष तो तिथेच तपासतो. एक संध्याकाळ या विषयाला दे. कुणी नाराज झालं तरी दे.

साक्षीबद्दल एवढंच. सध्या भीतीपोटी एकत्र या, संख्या दाखवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांची काळजी खोटी नाही. पण भीतीने बांधलेली माणसं भीती ओसरली की सुटतात. १९५२मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या परिषदेने मंडळ्यांना विचारलं होतं की, खोल मतभेदांमुळे वेगळं वागणं भाग असेल तेवढं सोडून बाकी सगळ्यात आपण एकत्र वागायला नको का? हा प्रश्न तुमच्या संघाच्या बैठकीत ठेव. मेयो हॉस्पिटलमध्ये खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देणं, दहावीच्या मुलांचे वर्ग, उन्हाळ्यातली पाणपोई, यातलं काय काय आपण वेगवेगळं करतो आणि का? कॅथलिक तरुणांबरोबर यातलं एक काम वर्षभर चालू ठेवलंत, तरी पुढच्या जानेवारीची उपासना वेगळी होईल.

जे येणार नाहीत त्यांच्याबद्दल कडू होऊ नकोस. पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र सभांमधले काही जण म्हणतील, आत्म्याचं ऐक्य आम्हाला आहेच, तुमचे कार्यक्रम कशाला? त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्या उपासप्रार्थनेला तूच जा. त्यांची प्रार्थनेची धग आपल्याला हवी आहे, आणि आपल्याकडचा शास्त्रपाठाचा, विश्वासांगीकाराचा जुना ठेवा त्यांच्याही उपयोगी पडेल.

आता उशीर करू नकोस. नाताळच्या धामधुमीत कुणाला वेळ मिळत नाही, म्हणून नोव्हेंबरातच पहिली बैठक घे. सिव्हिल लाइन्समध्ये भारतातल्या मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेचं कार्यालय आहे, तिथे चौकशी कर, यंदाच्या सप्ताहाचं साहित्य मिळेल. त्या परिषदेत प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स आहेत, कॅथलिक नाहीत, तेव्हा सेमिनरी हिल्सला सेंट चार्ल्स सेमिनरीत आणि आर्चबिशपांच्या कार्यालयात वेगळं जावं लागेल. पत्र पाठवून किंवा फोन करून भागवू नकोस. प्रत्येक पाळकसाहेबांकडे आणि फादरांकडे स्वतः जा, बरोबर दुसऱ्या मंडळीतला एक तरुण ने, आणि निघण्याआधी तिथेच त्यांच्याबरोबर प्रार्थना करा.

बैठकीची तारीख ठरली की कळव. मी येईन.

तुझी,
संडे स्कूलची टीचर