शाळेचं वार्तापत्र पहिल्यांदाच हाती घेताय?

अभिनंदन, मॅडम! काम मोठं वाटतं, पण सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळल्यात तरी पुष्कळ झालं.

आधी नावं. प्रत्येक नाव हजेरीपटावरून ताडून घ्या आणि छापण्याआधी त्या मुलाला दाखवा. 'श्रेया'चं 'श्रेयस' झालं, तर तिचं कौतुक तिथेच संपतं.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे फक्त पहिल्या तिघांचं कौतुक. वर्षभर अडखळत वाचणारी मुलगी सगळ्यांसमोर अख्खा उतारा वाचते, ही तर पहिल्या पानाची बातमी! आणि 'उज्ज्वल यश संपादन केले' असं लिहू नका. तिनं नेमकं काय केलं, ते लिहा.

फोटोंसाठी पालकांची लेखी परवानगी हवीच.

मुलांच्या मनाविषयी लिहिताना फार जपा. कुणाचं आजारपण, घरातली अडचण नाव न घेताही छापू नका. वर्गात लगेच ओळखू येतं. त्याऐवजी दर अंकात ठळकपणे द्या:
- मन जड झालं तर शाळेत कुणाशी बोलायचं
- ती व्यक्ती कधी, कुठे भेटते

मांडणी, रंग, सॉफ्टवेअर सगळं नंतर बघू. पहिला अंक दोनच पानांचा काढा, पण ठरल्या तारखेला. कच्चा मसुदा पाठवलात तर मी आनंदानं वाचेन.