नर्सिंग ऑनर सोसायटीत गेल्याने करियरला फायदा होतो का?
माझी म्हापशाची मावसबहीण अमेरिकेत एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) करतेय, तिला सिग्मा थीटा टाऊ या ऑनर सोसायटीचं, म्हणजे नर्सिंगमधल्या हुशार मुलांच्या संस्थेचं, बोलावणं आलं तेव्हा मावशीचा पहिला प्रश्न, पगार वाढतो गे त्याने? तर नाही. सोसायटी खरी आहे, 1922 ला इंडियानात सहा विद्यार्थिनींनी काढलेली, विद्यार्थ्यांना मार्क चांगले असले तरच घेतात. पुढे पीएचडी, शिकवणं, रिसर्च ग्रँट असं काही डोक्यात असेल तर मेंबरशिप घे, ओळखी होतात. नुसती वॉर्डात ड्युटी करायची तर दरवर्षीची फी बघ आधी, तिथे एनक्लेक्स (तिकडची नर्सिंग लायसन्सची परीक्षा) नि अनुभवच विचारतात. आणि परत गोव्यात येऊन बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पोस्ट हवी असेल तर सोसायटीची ती पिन कोण बघतंय, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि कोंकणी येते का ते बघतात.